तुरीच्या डाळीचा कार्यभार

शेतात रोडगे भाजायला आणलेल्या पत्र्याच्या डब्याने तापायला नकार दिला, कारण तो अजून तुरीच्या डाळीच्या नेमणुकीवर होता.

शालिकराव मोहोडांनी कपाळावर हात मारला. एरवी रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवातच भाजतात, त्यांना डबा कशाला लागतो? पण मुलीला, प्रणालीला, आपल्या मुलासाठी बघायला आलेले दौलतराव काळमेघ पडले चोखंदळ. राखेचा कण दाताखाली आला की ते ताटावरून उठतात आणि सोयरीकही तिथंच सोडून जातात. आजवर दोन ठिकाणी उठले होते. म्हणून शालिकरावांनी घरचा डाळीचा डबा रिकामा करून आणला, आडवा ठेवला, भोवती गोवऱ्या रचल्या. तासभर जाळ झाला, तरी डबा थंडगार आणि आत कणकेचे गोळे कच्चेच.

"पंधरा वर्षं डाळ सांभाळतोय," डबा म्हणाला. "कार्यमुक्तीचा आदेश नसताना भट्टीचं काम कसं करू? उद्या चौकशी लागली तर?"

"अरे बाप्पा, डाळ तर काढली न तुह्यातली."

"डाळ काढली. कार्यभार नाही काढला."

आता याच्यापुढे काय डोकं फोडायचं? तिकडे आंब्याखाली दौलतराव दुसऱ्यांदा घड्याळ बघत होते. वांग्याची भाजी निवत चालली होती. प्रणाली पाणी द्यायला गेली, तेव्हा त्यांच्या मुलाने हळूच काहीतरी विचारलं आणि ती हसली. पोरगी अशी हसून तीन वर्षं झाली होती.

स्वयंपाकघर वच्छलाबाईंचं, म्हणजे आदेश नवऱ्याने देऊन चालणार नव्हतं. त्यांना बोलावलं. "केलं याला मोकळं," त्या म्हणाल्या. "झालं?"

"बदली कर्मचारी रुजू झाल्याशिवाय मला निघता येत नाही," डबा म्हणाला.

"पोतं देते."

"पोत्याला झाकण नसतं."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. "घे, मी सांभाळतो तुही डाळ," शालिकराव म्हणाले. "डोक्यावर टोपी आहे, तेच झाकण समज. आता तरी ताप."

"रुजू होण्याची वेळ?"

"पावणेदोन."

डबा लगेच लालबुंद झाला. रोडगे वरून खरपूस, आतून मऊ निघाले. दौलतरावांनी सहा खाल्ले, वर तूप मागून घेतलं. सोयरीक तिथंच पक्की झाली.

त्या संध्याकाळी शालिकराव स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाची बरणी आणि तांदळाचा डबा यांच्यामधे जाऊन बसले. वच्छलाबाई रोज सकाळी त्यांच्या धोतराच्या ओच्यातून दोन मुठी डाळ काढतात आणि "हलू नका, सांडते," म्हणून करवादतात.

लग्न वैशाखात, दारातच झालं. बदली मिळाली नाही म्हणून कन्यादान चुलत्याने केलं. निघताना प्रणाली स्वयंपाकघरात आली आणि फळीपुढे वाकली. शालिकरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला असता, पण दोन्ही हातांनी ओचा धरलेला होता.

"जा बेटा," ते म्हणाले. "वरणाले डाळ घेऊन जा."

तिने दोन मुठी घेतल्या. मग टाचा उंचावून त्यांची सरकलेली टोपी नीट बसवली, कारण उघड्या डाळीत किडे होतात.