न वळणाऱ्यांची आत्या

शालूआत्याच्या घरी पाहुणा आला की त्याला पहिला प्रश्न असतो, "कधी निघणार?" एकाच पायातली चप्पल निघालेली असते, बॅग अजून खांद्यावरच असते, आणि आत्या दारात उभी राहून विचारते, "कधी निघणार? गाडी किती बजे?" नवखा माणूस हबकतो. नाशिकचे एक व्याही हे ऐकून आल्या पावली रिक्षात बसून लॉजवर गेले होते. आत्या त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेली आणि परत येऊन मला म्हणाली, "विचारलं तर राग आला. मग डबा कधीचा करायचा ते मला मालूम कसं होणार?"

म्हणजे चौकशी डब्याची असते. पण हे कळण्यापुरताही कोणी तिच्याकडे टिकत नाही.

देवाच्या गावात घर असू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इतर गावांत पाहुणे माणसांकडे येतात. उज्जैनला येतात ते महाकालकडे येतात, आपण फक्त वाटेत लागतो. आत्या माधव नगरात राहते, मी तिच्या मागच्या गल्लीत; नातं शेजाराचंच, पण सगळे म्हणतात म्हणून मीही तिला आत्या म्हणतो. तिचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी साताऱ्याहून इकडे आले आणि इथलेच झाले. भावंडं शिकून पुण्या-ठाण्याला गेली. आत्या लग्नाविना आईवडिलांचं करत राहिली आणि मुलींच्या सरकारी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली. आता नातेवाइकांना तिची आठवण श्रावणात, महाशिवरात्रीला आणि शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की येते. फोनवर "आत्या, कशी आहेस?" एवढं एक वाक्य, आणि उत्तराची वाट न बघता, "भस्मारतीचं बुकिंग होईल का गं?"

मग ही मंडळी मध्यरात्री उठून तिचा गीझर रिकामा करतात, सकाळी कपाळभर भस्म लावून परततात, पोहे-जिलेबी खाऊन दुपारपर्यंत झोपतात, संध्याकाळी राम घाटावर फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी निघतात. आत्या म्हणते, "माझं घर म्हणजे मंदिराबाहेरचं चप्पल स्टँड आहे. टोकन घ्या, जोडे ठेवा, दर्शन करून या." ती हे हसत म्हणते, असं नातेवाईक सांगतात. मी तिला हे म्हणताना हसलेली पाहिलेली नाही.

पण तिचं खरं वेड वेगळंच आहे. पाहुणे निघाले की ती फाटकात उभी राहते. गल्लीच्या टोकाला इस्त्री करणाऱ्या प्रेसवाल्याचा ठेला आहे, तिथून रस्ता वळतो. त्या ठेल्यापाशी पोचल्यावर माणूस मागे वळून बघतो की नाही, एवढंच तिला बघायचं असतं. तिच्या लेखी जगात दोनच जाती आहेत, वळणारे आणि न वळणारे. एखाद्याच्या पगाराचं, बंगल्याचं कौतुक चाललेलं असताना ती मध्येच म्हणते, "असेल बाबा हुशार. वळत नाही पण." कोणाच्या स्थळाची चौकशी आली तर तिचं उत्तर तयार असतं, "मुलगी चांगली आहे. दोनदा वळली." तिचे एक मामेभाऊ एकदा ठेल्यापासून चक्क मागे फिरून आले होते, म्हणून मी त्यांचं नाव घेतलं, तर म्हणाली, "तो चार्जर विसरला होता. चार्जरवाला मी धरत नाही."

एकदा मी न वळणाऱ्यांची वकिली केली. म्हटलं, आत्या, आता लोक मोटारीतून जातात, काचा काळ्या असतात, वळले तरी तुला दिसणार कसे. ती म्हणाली, "काच खाली करता येते. टोलनाक्यावर करतात ना?"

मोटार दिसेनाशी झाली की ती "गेले" असं एकदा म्हणते आणि आत जाऊन पलंगावरच्या चादरी धुवायला ओढते.

या न वळणाऱ्यांत पहिला नंबर निनादचा, तिच्या भावाच्या मुलाचा. आणि दुखणं हेच होतं, की हा मुलगा मूळचा वळणाऱ्यांतला. त्याची आई आजारी होती तेव्हा लहानपणची तीन वर्षं तो आत्याकडे राहिला. शाळेला जाताना तो आत्याकडे तोंड करून, हात हलवत, उलटा चालत जायचा. असाच एकदा ठेल्यावर आपटला, त्याची खूण अजून त्याच्या भुवईवर आहे. पुढे पुण्याला गेला, कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, केतकीशी लग्न झालं. खूण राहिली, वळणं गेलं.

गेल्या थंडीत तो आणि केतकी आले ते उडी मारायला. आमच्याकडे देवास रोडवरच्या हवाईपट्टीवर थंडीत विमानातून उड्या मारण्याचा उद्योग चालतो. शिकायबिकायची गरज नसते. आपण पुढे आणि प्रशिक्षक आपल्या पाठीला पट्ट्यांनी बांधलेला, अशी दोघांची मिळून उडी असते. छत्री तो उघडतो, पाकीट आपण उघडायचं. दोन दिवसांत उडी आणि दर्शन दोन्ही उरकायचं, असा निनादचा बेत होता. आत्याने दारात विचारलं, "कधी निघणार?" तो म्हणाला, "परवा. उडी मारून, दर्शन घेऊन, परस्पर पुणे."

निघायच्या दिवशी सकाळी सगळं सामान मोटारीत भरलं गेलं. मागची सीट बॅगांनी भरली, त्यावर पराठ्यांचा डबा आत्याने सीटबेल्ट लावून बसवला. मग आत्याला बसायला जागा उरली नाही. ती माझ्या स्कूटरवर मागे बसून आली. डबा मोटारीत आणि डबा करणारी स्कूटरवर, हे निनादच्या लक्षातही आलं नाही.

आधी निनादची उडी झाली. आभाळात एक ठिपका दिसला, मग छत्री उघडली आणि तो खाली येऊ लागला. आत्या मान मागे टाकून तोंड उघडं ठेवून बघत होती. तो जमिनीवर टेकल्यावर तिने आजूबाजूला पाहिलं. चहावाला, ड्रायव्हर, बंदोबस्ताचा शिपाई, केतकी, सगळ्यांच्या माना वर होत्या. ती मला म्हणाली, "बघ मोहन. वरून माणूस पडत असला की सगळे बघतात. एकजणही दुसरीकडे बघत नाही."

त्यानंतर केतकीची पाळी होती. विमान जवळून बघितल्यावर ती मटकन खाली बसली आणि नाही म्हणाली. पैसे परत मिळणार नव्हते, पण तिच्या जागी दुसरं कोणी जाऊ शकत होतं. निनाद माझ्याकडे बघू लागला. मी पायातल्या बुटांकडे बघू लागलो. तेवढ्यात आत्या म्हणाली, "मी जाते."

निनाद आधी हसला. तिथल्या डॉक्टरने आत्याचं ब्लडप्रेशर दोनदा मोजलं, कारण पहिल्या वेळी त्याचा विश्वास बसला नव्हता. केतकीची ट्रॅकपँट खालून चार घड्या घालून आत्याने चढवली. पायात टावर चौकात घेतलेले फिरायचे बूट होतेच. प्रशिक्षक दणकट गडी होता. तो म्हणाला, "माताजी, डरना मत, मैं पीछे बंधा रहूँगा." आत्या म्हणाली, "बेटा, मेरे पीछे आज तक कोई बंधा नहीं. तू सँभाल लेना." आणि लगेच, "कब निकलेंगे?"

मग तिने निनादला बाजूला घेतलं. मी शेजारीच पट्टे धरून उभा होतो, म्हणून ऐकलं. "मी वर गेले की तू इथेच उभा राहा. वर बघत राहा. मी जमिनीला लागेपर्यंत इकडेतिकडे बघायचं नाही." निनाद म्हणाला, "हो गं आत्या, कुठे जातोय मी?" तिने हे त्याच्याकडून दोनदा कबूल करून घेतलं. अडुसष्ट वर्षांची बाई आभाळातून पडायला कशासाठी निघाली होती ते तेव्हा मला कळलं.

वारा वाढला म्हणून विमान बराच वेळ खोळंबलं. अखेर गेलं, घिरट्या घेत घेत चिमणीएवढं झालं. तेवढ्यात निनादचा फोन वाजला. मंदिरातून पंडितजींचा होता, दर्शनाच्या पासची वेळ अलीकडे आली होती, लगेच निघा म्हणत होते. निनादने घड्याळ बघितलं, वर बघितलं, केतकीकडे बघितलं. मी म्हटलं, दहा मिनिटं थांब, येईलच ती. केतकी म्हणाली, पास गेला तर जनरल रांगेत दिवस जाईल. निनाद माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मोहनकाका, तुम्ही आहातच ना. तिला घरी सोडा. आणि तिचा व्हिडिओ येणारच आहे, तो बघू आम्ही."

देव यांच्यासाठी ताटकळला नसता, हे मान्य. पण आत्या थांबेल याची जेवढी खात्री या लोकांना आहे, तेवढी देवाबद्दलही नाही.

त्यांची पांढरी मोटार धूळ उडवत फाटकाबाहेर पडली आणि मी मान वर केली, तर छत्री उघडली होती. निळ्या आभाळात केशरी छत्री, खाली दोन माणसं. केतकीने नुसती काच खाली केली असती तरी आत्या दिसली असती. मी गळ्यातला मफलर काढून वेड्यासारखा हलवत राहिलो. एकट्याने बघून ते सगळ्यांनी बघितल्यासारखं होत नाही, हे मला कळत होतं.

पाय पुढे करून, बसकण मारत आत्या उतरली. केस सुटलेले, चष्म्याचा वण नाकावर. पट्टे सोडवल्यावर ती उठली आणि मैदानावर एकदा नजर फिरवली. मी घाईघाईने म्हटलं, "सगळे बघत होते आत्या. आत्ताच निघाले, मंदिरातून फोन आला."

"खोटं कशाला बोलतोस?" ती शांतपणे म्हणाली. "मी वर होते. मला दिसली ना मोटार. फाटकातून निघाली, मग मोठ्या रस्त्याला लागली." तिने ट्रॅकपँटची सुटलेली घडी वाकून नीट केली. "एरवी ठेल्यापर्यंतच दिसतात. आज पार शहरात शिरेपर्यंत दिसले. मी हात केला."

स्कूटरवर बसताना तिने विचारलं, "डबा मागच्या सीटवर आहे ते त्यांना सांगितलंस ना? पराठे संध्याकाळपर्यंतच टिकतील."

प्रशिक्षकाच्या मनगटावरच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ रात्री घरच्या ग्रुपवर आला. त्यात आत्याची मान एका बाजूला वळलेली आहे, वाऱ्याने गाल थरथरताहेत आणि ती खाली कुठेतरी बघून हात हलवते आहे. "माताजी, कैमरे में देखो, इधर," असं प्रशिक्षक तीनदा म्हणतो. ती बघत नाही. पुण्या-ठाण्याच्या मंडळींनी टाळ्या वाजवणारे हात पाठवले. आत्या आपल्याला टाटा करतेय, असं कोणीतरी लिहिलं. मग निनादचं आलं, "मस्तच गं. पण कॅमेऱ्यात का नाही बघितलंस? अख्खा व्हिडिओ वाया गेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा आत्या चादरी पिळून वाळत घालत होती. हात पुसून, चष्मा लावून तिने निनादचा तो मेसेज दोनदा वाचला आणि फोन माझ्याकडे दिला.

"नीट बघ," ती म्हणाली. "परत कधी येणार ते काही लिहिलंय?"

मी वरपासून खालपर्यंत सगळं बघितलं आणि नाही म्हटलं.