देविदासरावांची अर्ध्या तासाची मालकी

देविदासराव आमच्या अमरावतीच्या संग्रहालयात शिपाई आहेत, पण साहेबांच्या खोलीत शिरताना ‘येऊ का?’ असं त्यांनी आजवर विचारलेलं नाही. मीटिंग चालू असो, साहेबांचा डबा उघडा असो, देविदासराव थेट आत. साहेब डोळे वटारतात. देविदासराव म्हणतात, “इचारून आत यायचं, ते मले जमत नाई.” मी इथला कारकून. पंखा लावायचा तरी आधी साहेबांच्या तोंडाकडे बघतो.

हाच माणूस शाळेची सहल आली की खुर्ची ओढतो आणि मालक होतो. काचेच्या कपाटात सालदाराच्या वस्तू आहेत. विळा, बैलाचं घुंगरू, कान तुटलेला कप. सालदार म्हणजे मालकाच्या घरी वर्षभर राबणारा गडी, हे पाटीवर लिहिलंय. पण पाटी वाचून गुलामी कळत नाही, असं देविदासरावांचं मत. म्हणून अर्धा तास मुलं त्यांची सालदार. विचारल्याशिवाय बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही.

“मालक, नाक खाजवू का?”

“नाई.”

शेवटी ते “जा, तुमी मोकळे” म्हणाले की पोरं फाटकापर्यंत धूम ठोकतात. साहेबांचं स्वातंत्र्यावरचं भाषण ऐकायला कुणी उरत नाही.

मागच्या महिन्यात अकोल्याच्या एका पालकांचं पत्र आलं. सहलीहून आल्यापासून मुलगा घरात काहीच विचारत नाही, सरळ करून मोकळा होतो. साहेबांनी हा खेळ बंद करायचं ठरवलं आणि नोटीस लिहायला मला सांगितलं. मी अर्थातच ‘हो सर’ म्हणालो.

त्याच दुपारी अंजनगावची शाळा आली होती. सगळी पोरं पळाली, एक मुलगी कपाटापाशीच उभी राहिली.

“काका, या कपवाल्याले कोनं सोडलं?”

देविदासराव खुर्चीवरून उठून कपाटापाशी आले. “कोनंच नाई. माहा बाप होता तो. मालक मेला, गोठा पडला, तरी रोज तिथंच जाऊन बसे. ‘जा’ म्हनायले कोनी होतंच नाई.”

“मंग मी म्हनू काय?”

“इचारू नको, बाई. म्हन.”

ती काचेला नाक लावून म्हणाली, “जा आबाजी, तुमी मोकळे.”

देविदासरावांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड लपवलं. त्यांचे खांदे हलत होते. अर्धी लिहिलेली नोटीस माझ्या हातात होती आणि मला फार लाज वाटली.

साहेबांच्या दारावर टकटक करायला मी हात उचलला, तो तसाच खाली घेतला आणि आत गेलो.

“ही नोटीस मी लिहिणार नाही,” म्हणालो. दरदरून घाम फुटला होता. मग पंखाही लावला, न विचारता.