स्टूल घेऊन कचेरीत जाणारे गुरुजी

म्हात्रे गुरुजी सरकारी कचेरीत जाताना घरचं स्टूल घेऊन जातात. लाकडी, तीन पायांचं, एका पायाला सुतळी गुंडाळलेलं. पेणला रामवाडीत आमची भिंतीला भिंत, आणि स्कूटर माझ्याकडे. त्यामुळे पुढे मी, मागे गुरुजी आणि मध्ये स्टूल, अशी आमची वरात निघते. वळणावर त्याचा पाय माझ्या बरगडीत घुसतो.

टेबलासमोर स्टूल टाकून गुरुजी बसले की कारकून खवळतो.

"ओ आजोबा, इथं बसायचं नाय."

"का नाय? इंग्रजापुढं रयत उभी राहायची, म्हणून? अरे, साहेब गेला की! तुला कुणी कळवलं नाय काय?"

'साहेब गेला की' हे त्यांचं पालुपद. अर्जावर 'आपला आज्ञाधारक' छापलेलं दिसलं की ते खोडून 'आपला शेजारी' लिहितात. नळाचा अर्ज असा तीनदा परत आला. तेव्हा गुरुजींच्या बायको, आमच्या वहिनी, हयात होत्या. त्यांनीच गुपचूप आज्ञाधारक होऊन नळ आणला.

मी हसायचो. बारकी आली तोवर.

बारकी रोह्यापलीकडच्या, कुंडलिका नदीकाठच्या एका आदिवासी वाडीतली. गुरुजी तरुणपणी तिथल्या शाळेवर होते, म्हणून पत्ता विचारत आली. नवरा नाम्या वारलेला. मुलगी सुगंधा बारावी झाली, नर्सिंगला जागा मिळाली; पण आठ दिवसांत जातीचा दाखला दिला नाही तर जागा जाणार होती. गुरुजींनी चहाही न संपवता स्टूल उचललं.

रोह्याच्या कचेरीत कारकुनाने विचारलं, "पोरीच्या वडिलांचा शाळेचा दाखला?"

"त्यांचं नाव नव्हतं शाळंत," बारकी म्हणाली.

"मग आजोबांचा इंग्रजांच्या काळातला एखादा कागद?"

"कसला कागद? जमीन नाय, घर नाय आमच्या नावावर."

कारकून तसा वाईट नव्हता. आवाज उतरवून म्हणाला, "जुन्या दप्तरात चोरीच्या संशयितांच्या याद्या आहेत. वाड्यांवरची बरीच नावं आहेत त्यात. सासऱ्याचं सापडलं तर नक्कल लावा. काम होईल."

बारकीने पदर घट्ट ओढला. "माझा सासरा चोर नव्हता. तो कागद मी नाय लावायची. पोर घरी बसली तरी चालंल."

आणि गुरुजी उभे राहिले. कचेरीत उभे राहिलेले मी त्यांना प्रथमच पाहत होतो.

"कुठं काही हरवलं की पोलीस आधी यांच्या वाडीत! साहेबानं यांना माणूस म्हणून लिहिलं नाय, चोर म्हणून लिहिलं. आणि आपल्या राज्यात आपण तीच वही उघडायला सांगतो? सरकारी दवाखान्यात उद्या ही पोर कामाला लागणार, ती 'आजा चोर होता' असं लिहून देऊन?"

गलका ऐकून आतल्या बाई बाहेर आल्या. अधिकारी, पण वयाने सुगंधाच्या थोरल्या बहिणीएवढ्या.

"आजोबा, ओरडू नका."

"ओरडत नाय, विचारतोय. कागद नसंल तर घरी जाऊन चौकशी करावी, असं तुमच्याच नियमात आहे. हा बघा. चला वाडीवर."

गुरुजींनी पुढे केलेला नियमाचा कागद बाईंनी दोनदा वाचला. चौथ्या दिवशी त्या खरोखर वाडीवर आल्या. एका म्हाताऱ्याने नाम्याच्या पाच पिढ्यांची नावं न अडखळता सांगितली, बाईंनी ती उतरून घेतली. सातव्या दिवशी सुगंधाच्या हातात दाखला पडला.

परतताना गडबला चहाला थांबलो. मला वाटलं, आता गुरुजी मिशीला पीळ देतील. त्यांनी कपाला हातही लावला नाही.

"नाम्या माझ्या शाळेत यायचा," ते म्हणाले. "चार महिने. ओसरीवर बसायचा, आत नाय. जन्मतारखेचा कागद नव्हता, म्हणून मी पटावर नाव घातलं नाय. वरून विचारलं तर काय सांगू, ही भीती. मग तो आईबापाबरोबर कोळशाच्या भट्टीवर गेला. एक ओळ लिहायची होती रे, वसंता. मी ती ओळ लिहिली असती, तर ही बाई आज कुणाच्या दारात उभी राहिली नसती."

"तिला माहीत आहे?"

"नाय. फिरव स्कूटर."

वाडीवर पोचलो तेव्हा बारकी अंगणात लाकडं फोडत होती. गुरुजींनी सगळं सांगितलं, मान खाली घालून, शाळेतल्या पोरासारखं. तिने कोयता बाजूला ठेवला.

"ठाव हाय मला गुरुजी. ते सांगायचे ना. वाडीत समद्यांना सांगायचे, मी चार महिनं शाळंत गेलेला हाय. लगीन झाल्यावर मला पयली हीच गोष्ट सांगितली त्यांनी."

 रस्त्यापर्यंत गुरुजी माझ्या मागून चालत राहिले, आणि मी वळून पाहिलं नाही.