अगदी तसंच घर

"दार हिरवं होतं," हेल्गे म्हणाला.

"लाल," सोल्वेग म्हणाली.

दार होतं जेमतेम दोन बोटांचं, आणि तेही बिस्किटाचं. नाताळात घरोघरी करतात तसलं आलं-दालचिनीच्या बिस्किटांचं घर. भिंती साखरेच्या पाकाने चिकटवायच्या, वरून रंगीत गोळ्या लावायच्या आणि सण सरला की सगळ्यांनी मिळून फोडून खायचं. एवढ्या संसारात त्याच्यावरून कधी भांडण झालं नव्हतं. पण यंदा ऑस्ट्रेलियातली लेक, मालिन, कित्येक वर्षांनी नाताळाला येणार होती. फोनवर तिने एकच मागणी केली होती, "आई, आपलं बिस्किटाचं घर कर हं. अगदी तसंच!"

आता 'अगदी तसंच' म्हणजे कसं, हे दोघांनाही धड आठवत नव्हतं आणि तसं कबूल करायची दोघांचीही तयारी नव्हती. जुने फोटो काढले, तर प्रत्येक फोटोत घराच्या पुढ्यात मालिन दात काढून उभी. दार असायचं तिथे तिचा कान, छप्पर असायचं तिथे तिचे केस.

गोळ्या निवडणं हे सोल्वेगचं खातं. पण ती बर्फावर घसरून उजवा हात प्लास्टरमध्ये घालून बसली होती आणि पुन्हा त्या बर्फावर पाऊल टाकायला काही केल्या तयार नव्हती. तेव्हा हेल्गे निघाला. तिथल्या रिवाजाप्रमाणे गावातल्या पोरांना गोळ्या मिळतात त्या फक्त शनिवारी, आणि हा नेमका शनिवारीच गेला. दुकानात भिंतभर गोळ्यांचे डबे, प्रत्येक डब्यात पळी, प्रत्येक पळीवर चारचार हात. त्या गर्दीत सत्तरीचा हेल्गे कागदी पिशवी धरून आपली पाळी यायची वाट बघत होता.

"हेल्गे, डॉक्टरांनी तुझी साखर बंद केलीय ना?" गल्ल्यावरून इंगेर ओरडली. दुकान तिचं, आणि शाळेत ती हेल्गेच्याच वर्गात होती.

"खायची बंद केलीय. घराला लावायची नाही."

"सोल्वेगला माहितीय?"

"तिनेच पाठवलंय. घरी गेलो की आधी तोंडाचा वास घेणार आहे."

त्याने दारासाठी लाल आणि हिरव्या दोन्ही घेतल्या, छपरासाठी लाल घेतल्या आणि धुराड्यासाठी ज्येष्ठमधाच्या काळ्या खारट गोळ्या घेतल्या. त्या बघून तोंडाला सुटलेलं पाणी त्याने निमूटपणे गिळलं.

सोल्वेगने खरोखरच वास घेतला. मग पिशवी टेबलावर ओतली आणि कपाळाला हात लावला.

"अरे, ह्या जेलीच्या! आपल्या छपराच्या कडक असायच्या. रासबेरीच्या!"

हेल्गे परत दुकानात.

"त्या निघायच्या बंद होऊन जमाना झाला," इंगेर म्हणाली. "आणि तुमचं छप्पर लाल कुठे होतं? मालिनने शाळेत नेताना दाखवलं होतं की एकदा. पिवळंधमक होतं!"

झालं! दोघांच्या भांडणात तिसरा साक्षीदार आला. हेल्गेने पिवळ्या कडक गोळ्याही बांधून घेतल्या. घरी ते ऐकून सोल्वेगचा पारा चढला. आपली बाजू लावून धरायला तिने बहिणीला, गुल्लानला, फोन लावला. गुल्लानने शपथेवर सांगितलं की छप्पर पांढरं होतं, पेपरमिंटचं. आता बहिणीचा शब्द मोडायचा कसा? हेल्गे तिसऱ्यांदा दुकानात गेला, तेव्हा पोरांनी त्याला आपल्यातलाच समजून वाट करून दिली.

शेवटी तह झाला. छपराची एक बाजू लाल, दुसरी पिवळी, मधल्या आढ्यावर पेपरमिंट. दार अर्धं लाल, अर्धं हिरवं. घर पाहावं बांधून म्हणतात ते उगीच नव्हे. एवढं ओझं त्या बिचाऱ्या बिस्किटाला कुठलं पेलायला? छप्पर घसरायला लागलं.

"पाक ओत! मी धरते!" सोल्वेग ओरडली आणि तिने प्लास्टरचा हात छपराखाली घातला.

हेल्गेने पाक ओतला. पाक होता पक्का, क्षणात दगड झाला. छप्पर, भिंत आणि सोल्वेग अशी तिन्ही एकजीव झाली. तेवढ्यात फोन वाजला. मालिन विमानतळाकडे निघाली होती.

"काय करतेस गं आई?"

"काही नाही गं. जरा हात अडकलाय."

हेल्गेने सुतारकामाची पटाशी आणि हातोडी आणली.

"हेल्गे, हा हात एकदा बर्फाने मोडलाय," सोल्वेग म्हणाली. "आता तू मोडलास तर मुलीला काय सांगू?"

प्लास्टर वाचलं, घराचा भुगा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पीठ मळलं, पुन्हा भिंती भाजल्या. या खेपेला छप्पर जाड केलं, गोळ्या मोजून मापून लावल्या. दरवर्षी कमी पडणाऱ्या गोळ्या यंदा मात्र ढिगाने उरल्या.

"मागच्या भिंतीलाही लाव," सोल्वेग म्हणाली. "पोर इतक्या वर्षांनी येतेय. बोटभर जागा उघडी दिसता कामा नये."

मालिन आली. मिठ्या झाल्या, रडून झालं, कॉफी झाली. मग ती त्या घरासमोर बसली. दोघं श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"छान आहे," ती म्हणाली. पाहुणे म्हणतात तसं.

"दार हिरवंच होतं ना?" हेल्गेने विचारलं.

"दार? दाराचं काही आठवत नाही, बाबा." तिने ताटली हळूच फिरवली आणि तिचा चेहराच उतरला. "मागची भिंत भरलीत?"

"म्हणजे? भरायची नव्हती?" सोल्वेग म्हणाली.

"ती नेहमी बोडकी असायची! तुम्ही मला निजवायचात, आणि मला इकडून कुडुम कुडुम ऐकू यायचं. सकाळी बघावं तर मागे एक गोळी नाही. बाबा म्हणायचा, वाऱ्याने उडाल्या. मग आई ती बाजू भिंतीकडे करून ठेवायची, पाहुण्यांना दिसू नये म्हणून." तिचे डोळे भरून आले. "तिकडे नाताळ आला की मला तेवढंच आठवतं. तो आवाज आला की वाटायचं, सगळे घरात आहेत. आता झोपायला हरकत नाही."

हेल्गेने चोरासारखं बायकोकडे बघितलं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, हिला काहीच ठाऊक नाही.

 सोल्वेगने डाव्या हाताने ताटली त्याच्यापुढे सरकवली.

"बघतोस काय? डॉक्टरांना मी सांगेन. पण फक्त मागची भिंत!"

हेल्गेने घाईघाईने पहिली गोळी उपटून तोंडात टाकली. मालिन कान देऊन बसली. काहीच ऐकू येईना.

"बाबा, ही जेलीची आहे. कडक घे ना."

हेल्गेने पिवळी गोळी निवडली, नेमकी दाढेखाली घेतली आणि फोडली.

मालिनने डोळे मिटून खुर्चीत मान टेकली.

"हं," ती म्हणाली, "आता आले मी घरी."