दहाचाकीवर नजर

शेखरनं आपला दहाचाकी ट्रक पहिल्यांदा गल्लीत आणून उभा केला, त्या दिवशी जनार्दन गावंडेनं एक शहाणपणाचा निर्णय घेतला. भांडायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. (जनार्दनचे शहाणपणाचे निर्णय त्याच्या बायकोला, सुलक्षणाला, वेळेवर कळत गेले असते तर तिचा संसार बराच सोपा झाला असता.)

जनार्दन मूळचा वाशीमकडचा. नोकरी हिंजवडीत, आणि आठवड्यातले निम्मे दिवस घरूनच काम. पिरंगुटच्या बाहेरच्या अंगाला गेणबांनी आपल्या भाताच्या खाचरांचे प्लॉट पाडून विकले, त्यातल्या एकावरचं रो-हाउस त्यानं घेतलं होतं. गेणबा समोरच राहायचे. मुलगा शेखर, सून रेश्मा, आणि घरामागं क्रिकेटची मॅच भरवता येईल एवढं मोकळं अंगण. नेमकं हे अंगणच जनार्दनच्या डोक्यात घुसलं होतं. एवढी जागा असताना ट्रक आपल्याच फाटकासमोर का?

ट्रकही लहानसहान नव्हता. हॉलच्या खिडकीतून पूर्वी डोंगर दिसायचा. आता त्या जागी ताडपत्री आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘आईचा आशीर्वाद’ एवढंच दिसे. कार बाहेर काढायची म्हणजे सुलक्षणानं रस्त्यावर उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या, थांबा" करायचं आणि जनार्दननं थांबण्याच्या आधी आरसा घासायचा.

"समोर जाऊन सांगा ना," सुलक्षणा म्हणाली. "शेखरदादा ऐकतील."

जनार्दन नुसता हसला. इतकी वर्षं ऑफिसात काढलेल्या माणसाला कुठलीच गोष्ट इतकी सरळ वाटत नाही. त्याचं म्हणणं असं पडलं की गेणबांना जमीन विकल्याचा पश्चात्ताप झाला असणार. आज ट्रक लावतील, उद्या ट्रॅक्टर, परवा गोठा, आणि एक दिवस रस्ता सातबाऱ्यासकट परत घेतील. मग पौडला तहसील कचेरीत खेटे घालत बसायचं कुणी?

दोन दिवसांनी त्याला वाटू लागलं की प्रकरण जमिनीचं नसून मालाचं आहे. ट्रकवर ताडपत्री कायम घट्ट बांधलेली असायची. गाडी माल खाली करून आली तरी बांधलेली. रिकाम्या गाडीत झाकण्यासारखं काय असतं? या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारा एकच माणूस होता, शेखर, आणि त्याच्याशी तर बोलायचं नव्हतं.

मग जनार्दननं कामाचं टेबलच खिडकीशी ओढलं. पडदा लावून घ्यायचा, मधे चार बोटांची फट ठेवायची, एक डोळा लॅपटॉपवर, एक डोळा ताडपत्रीवर. मीटिंगमधे त्याची वयानं लहान असलेली मॅनेजर अनुष्का एकदा म्हणाली, सर, तुम्ही सारखं कुणाकडे बघताय? नेटवर्क शोधतोय, असं त्यानं सांगितलं.

पाळत सुरू झाल्यावर संशयाला रोज नवा खुराक मिळू लागला. शेखर सकाळी टायर ठोकून बघायचा, मग सरळ खिडकीकडे मान वळवून हात वर करायचा. पडद्याआड आपण दिसत नाही अशी जनार्दनची ठाम समजूत होती, त्यामुळे त्या हाताचा अर्थ त्याला एकच लागला. ही धमकी आहे.

त्यानंतर रेश्माकडून डबे येऊ लागले. आधी घरचा आंबेमोहर तांदूळ. मग वालाची उसळ. मग गाय व्यायली तेव्हा भलं मोठं पातेलं भरून खरवस. सुलक्षणा खुशीत होती. जनार्दननं मात्र खरवसाकडे असं पाहिलं की जणू त्यावर बोटांचे ठसे सापडणार होते.

"ही लाच आहे," तो म्हणाला.

"मग माझ्या वाटणीची मी खाते," सुलक्षणा म्हणाली. तिनं ती खाल्ली, आणि त्याच्या वाटणीचीही बरीचशी खाल्ली. घरातली व्यक्तीच फितूर झाल्यावर माणसानं जायचं कुणाकडे?

अशा रीतीनं तो शनिवार उजाडला. दुपारची जेवणं झाली होती, सुलक्षणा आडवी झाली होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. जनार्दनला वाटलं, लांबून बघणं पुष्कळ झालं. फोन चार्जिंगला लावलेला तसाच ठेवून, अंगावर बनियन आणि बर्मुडा, नाकावर लॅपटॉपचा चष्मा अशा वेषात तो बाहेर पडला. ट्रकच्या मागच्या फाळक्याला धरून, चाकावर पाय देऊन (हे वाचायला सोपं आहे) तो वर चढला, ताडपत्रीची एक दोरी सैल केली आणि खालून आत सरकला.

आत काहीच नव्हतं. एक स्टेपनी, एक दोरखंडाचं वेटोळं आणि झाडून काढलेली लख्ख फळी. जनार्दन हिरमुसला. मग त्याला वाटलं, इतकं स्वच्छ असणं हेच संशयास्पद आहे. तो वाकून फळ्यांच्या फटी बघू लागला, आणि तेवढ्यात इंजिन सुरू झालं.

ओरडला असता तर गाडी थांबली असती. पण ओरडून सांगायचं काय? त्यानं ठरवलं की गाडी कुठंतरी थांबेल तेव्हा गुपचूप उतरायचं. गाडी मात्र उरवड्याच्या रस्त्याला लागली आणि थांबायचं नाव घेईना. प्रत्येक स्पीडब्रेकरला जनार्दन स्टेपनीवरून हातभर वर जाई आणि परत तिथंच बसे.

शेवटी गाडी थांबली ती शेखर जिथून माल भरायचा त्या कारखान्याच्या अलीकडच्या वजनकाट्यावर. जनार्दन उतरायला उठणार, तोच बाहेरून आवाज आला.

"शेखर, गाडी रिकामी हाय न्हवं?"

"व्हय की."

"मग ही नव्वद किलो जास्ती कुटनं आली?"

काट्यावर हैबतराव नावाचे गृहस्थ बसायचे. रिकाम्या गाडीचं वजन जास्त दाखवायचं आणि मग तेवढा माल फुकट भरून न्यायचा, ही युक्ती त्यांनी आयुष्यभर पकडली होती. शेखर आईची शपथ घेऊ लागला. हैबतराव म्हणाले, शपथ राहू दे, ताडपत्री काढ.

ताडपत्री निघाली. भर उजेडात जनार्दन स्टेपनीवर बसलेला होता, गुडघे जवळ घेऊन. तो "नमस्कार" म्हणाला.

हैबतरावांनी त्याला बराच वेळ न्याहाळलं. आजवर त्यांनी दगड पकडले होते, पाण्याचे कॅन पकडले होते. "ह्यो नवाच परकार हाय," ते म्हणाले. "पावनं, तुमी रोज बसता का आजच आलाय?"

जनार्दनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आता शेखर हात झटकणार, चोर म्हणून ओळख करून देणार, आणि ती अगदीच खोटीही नसणार. पण शेखर पुढं झाला. "असं नगा बोलू. आमचे साहेब हायेत ते. गाडीवर लई ध्यान असतं त्यांचं."

हैबतरावांनी जनार्दनला उतरवून बाजूला उभं केलं आणि गाडी पुन्हा तोलली. वजन बरोबर आलं. "नव्वद भरले साहेब," ते खिडकीतून मोठ्यानं म्हणाले. (सुलक्षणाला जनार्दन दोन वर्षं अठ्ठ्याहत्तर सांगत आला होता.)

कारखान्याच्या फाटकाशी रांग होती. शेखरनं त्याला केबिनमधे बसवलं, चहा आणला आणि गंभीरपणे विचारलं, "काय गावलं का आत? चढलं व्हतं का कोन?"

"कोण चढणार?"

"डिझेलवाले. आधी मागं अंगणात लावत व्हतो गाडी. दोनदा डिझेल काढून नेलं, एकदा बॅटरी. मग आमचे आबा म्हनले, त्या साहेबाच्या खिडकीसमोर लाव, त्यो मानूस जागचा हालत न्हाई. आन् गाडी लावली तर तुमी टेबलच खिडकीला आनलं. आबा म्हनले, एवढा जीव लावतोय, त्याला उपाशी ठेवू नगा. म्हनून तर रेश्मा डबं धाडतीया."

जनार्दननं चहाचा कप खाली ठेवला. तो हात, ज्याला तो इतके दिवस धमकी समजत होता, तो वॉचमनला केलेला रामराम होता. ताडपत्रीबद्दलही त्यानं विचारून घेतलं. गाडीत पुठ्ठ्याचे बॉक्स जायचे, फळीला ओल लागली की माल परत येतो, म्हणून झाकण. बस, एवढंच. कुणी शत्रूच नाही म्हटल्यावर त्याला एकदम पोरकं वाटलं.

तरी धीर करून तो बोलला. "शेखर, आम्हाला कार काढायला फार अडचण होते रे."

शेखर म्हणाला, "मग पयल्याच दिशी सांगायचं की."

संध्याकाळी ट्रक अंगणात गेला आणि खिडकीत डोंगर परत आला. बातमी मात्र रेश्मामार्फत आधीच घरी पोचली होती. सुलक्षणानं त्याला जेवायला बसवलं. ताटात एक पोळी कमी वाढली, आणि खरवसाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाली, तो वॉचमनसाठी असायचा.

पुढच्या रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा एक भला मोठा टँकर येऊन थांबला. त्यातून उतरलेला माणूस फाटकाशी आला आणि आपण अमोल, शेखरच्या मामाचा मुलगा, असं त्यानं सुलक्षणाला सांगितलं.

"वैनी, शेखर म्हनला साहेब आता मोकळे झाल्यात. माजा टँकर लावू का हितं?"

सुलक्षणानं मागं वळून पाहिलं. नाही म्हणून ठणकावून सांगायला जनार्दन कधीच उठला होता, पण सवयीनं दाराऐवजी पडद्यामागं जाऊन उभा राहिला होता.

अमोलनंही तिकडं पाहिलं आणि आदरानं हात वर केला. मग आवाज खाली आणून सुलक्षणाला विचारलं, "साहेब जेवायला किती वाजता उठत्यात? तेवढ्या टायमाला मी सोता येऊन थांबत जाईन."