गुलाबरावांची मंजुरी

गुलाबराव खोब्रागडे रायपूरच्या सरकारी कचेरीतून बडे बाबू म्हणून निवृत्त झाले, तोवर चौतीस वर्षांत त्यांनी एकच फाइल वाचली होती. वाचली, शंका काढली, आणि पंधरा दिवसांत त्यांची दूर बस्तरातल्या जगदलपूरला बदली झाली. परत यायला चार वर्षं लागली. तेव्हापासून फाइल समोर आली की सही. तलाव खणला की नुसता कागदावरच, याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. असल्या माणसांच्या गळ्यात शेवटी हार पडतो आणि भाषणात 'कर्तव्यदक्ष' म्हणतात. गुलाबरावांनाही म्हणाले.

अशा माणसापुढे त्यांच्या पोरीनं, मोनालीनं, सकाळी दहा वाजता चालू लॅपटॉप ठेवला.

पंडरी बाजारातल्या हिरालाल सेठच्या साडीच्या दुकानाचं ॲप हे मोनालीचं पहिलंच काम. कोड एआय लिहीत होता. अकराशे साड्यांचे फोटो क्लाउडवर चढवून झाले होते आणि बाराच्या ठोक्याला ॲप गिऱ्हाइकांसाठी उघडायचं होतं. तिला मात्र दुकानात हजर राहायचं होतं, आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली. प्लगपासून हलवला की बंद.

"बाबा, हा आपलं काम करून राहिला. मधी मधी परवानगी मांगते. नीट वाचजा, मंग 'हो' दाबजा. समजलं नाही तर मले फोन करजा."

"हव. चौतीस वर्षं हेच केलं मी."

मोनालीला भीती तीच होती, पण खाली ऑटोवाला हॉर्न वाजवत होता.

पहिला प्रश्न आला. 'चाचणीच्या फाइली काढून टाकू का?' गुलाबरावांनी चष्मा न लावताच 'हो' दाबलं. 'क्लाउडवरची जागा संपली आहे. आधीचे अकराशे फोटो काढून टाकू का?' हो. 'आता कॅटलॉग रिकामा आहे. या लॅपटॉपवरचं "साड्या" नावाचं फोल्डर वापरू का?' हो. 'फोटोंच्या नावांवरून माहिती भरू का?' हो. 'ॲप लोकांसाठी सुरू करू का?' हो.

अकरा चाळीसला टेबल साफ. गुलाबरावांनी चहा मागवला.

'साड्या' हे फोल्डर त्यांच्या बायकोचं, अंजनाबाईंचं होतं. आहेरात आलेली साडी फिरून देणाऱ्याच्याच घरी जाऊ नये, म्हणून त्यांनी पोरीकडून एकेक साडीचा फोटो काढून घेतला होता आणि फोटोला नाव काय द्यायचं तेही सांगितलं होतं. बारा वाजता हिरालाल सेठनं गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲप टाकलं. पहिलीच साडी: 'पद्मिनीबाईनं दिली. पोचट. कोणाच्याही लग्नात खपवा.' दुसरी: 'भंडाऱ्याच्या मामीची. एका धुण्यात रंग जाते. शेजारणीले चालन.'

सेठ मोनालीकडे वळला. "बेटा, ये पोचट कौन सी कंपनी है? हम तो रखते ही नहीं."

मोनालीनं घरी फोन लावला. "बाबा, काय केलं तुम्ही? तासाभरात नीट नाही झालं तर सेठ दुसऱ्याले काम देते म्हणते!"

"मी काय केलं? त्यानं इचारलं, मी हो म्हटलं."

"वाचलं होतं?"

गुलाबरावांनी टेबलावरचा चष्मा चाचपला.

"मी येऊन राहिली. आता काहीच काढू देऊ नका. 'काढू का' म्हटलं की 'नाही' दाबा!"

तेवढ्यात आतून अंजनाबाई मोबाइल घेऊन धावत आल्या. "काहो, माह्या साड्या काहून दिसून राहिल्या याच्यात? पद्मिनीबाई बी आहे त्या ग्रुपात!"

पद्मिनीबाई म्हणजे गुलाबरावांची थोरली बहीण, राहायला रायपुरातच, ब्राह्मणपाऱ्यात, तोंडानं तिखट. गुलाबरावांनी चष्मा लावला. पडद्यावर नवा प्रश्न होता. 'चूक झालेली दिसते. चुकीचे फोटो काढून टाकू का? मूळ फोटो कचरापेटीत सुरक्षित आहेत, ते लगेच परत आणतो.' जगदलपूरनंतर पहिल्यांदाच त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं. 'काढून टाकू' दिसलं. त्यांनी 'नाही' दाबलं. 'नक्की?' त्यानं विचारलं.

"अरे, नक्की म्हणजे नक्की!" गुलाबराव लॅपटॉपवर ओरडले.

मोनाली घामाघूम होऊन आली आणि पडद्याकडे पाहत खुर्चीत बसली. "बाबा, तो अकराशे फोटो वापस देऊन राहिला होता. तुम्ही त्यालेच नाही म्हटलं?"

"वाचून म्हटलं," गुलाबराव म्हणाले.

ती फोटो परत आणायला बसते न बसते तोच सेठचा फोन आला. "बेटा, अपनी साड़ियाँ डाल दो, पर वो पोचट वाली हटाना मत! फोन पे फोन आ रहे हैं, सबको खपाने वाली ही चाहिए. लेन-देन का, शादियों में देने वाला सस्ता माल दो साल से पड़ा था मेरा. आज उठेगा!"

"काम तुझ्याकडंच राहिलं न?" गुलाबरावांनी मान ताठ केली. "मंजूर केलं म्हणून झालं."

 अंजनाबाईंच्या हातातला मोबाइल वाजत होता. तो त्यांनी नवऱ्यापुढे धरला. "तुमची बहीण. करा मंजूर."

गुलाबरावांनी चष्मा पुसला. नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग लाल बटण दाबलं.

लगेच दारावर थाप पडली. पद्मिनीबाई फोन दारातूनच लावत होत्या. काखेत अंजनाबाईंनी आजवर दिलेल्या साड्यांचं गाठोडं होतं, आणि प्रत्येक साडीला पद्मिनीबाईंच्या अक्षरातली एकेक चिठ्ठी टाचलेली होती. सगळ्यात वरची: 'अंजनानं दिली. कोणाच्याही लग्नात खपवा.'