मालेगावात विचारलेला एक प्रश्न

माणसाच्या पोटातलं खरं काढावं ते मीच! सरकारी योजना तपासणाऱ्या आमच्या नाशिकच्या ऑफिसात हे सगळ्यांना मान्य आहे. निदान मला तरी आहे. म्हणून राखी मॅडमनी मालेगावचं काम सांगितलं, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "मॅडम, जेवायच्या आत उत्तर आणतो!"

काम सोपं होतं. लहान शहरांत रोजगार वाढावा म्हणून मालकांना सूट मिळते. तुम्ही नवा कामगार ठेवा, त्याच्या पीएफमधला तुमचा वाटा सरकार भरेल! त्यानं खरंच नोकऱ्या वाढल्या, की मालकांनी नुसती सूट खाल्ली, एवढंच तपासायचं.

जैतुनबींच्या यंत्रमाग कारखान्यात पाऊल टाकलं आणि मी चाटच पडलो! अहो, काय तो आवाज! हजार उखळं एकदम कांडत असल्यासारखा! माझे दात आपोआप वाजायला लागले. आणि समोर पांढरंशुभ्र कापड उतरतंय, जणू पावसाळ्यातला सोमेश्वरचा धबधबा!

मालकीण जैतुनबी ओढणी सावरत पुढे आल्या. "ही दोघं नवी," त्यांनी बोटानं दाखवलं. कांड्यांवर सूत भरणारी तरन्नुम आणि माग चालवणारा धम्मपाल.

मी श्वास भरून ओरडलो, "समजा, ही सूट बंद असती, तर या दोघांना घेतलं असतं का?"

त्या खडखडाटात धम्मपालला ऐकू गेलं ते एवढंच: "सूट बंद! या दोघांना..."

त्यानं खाडकन माग थांबवला. "साहेब आम्हाला काढायला आलेत!"

शेजारचा माग थांबला. त्याच्या पलीकडचा थांबला. बातमी खिडकीतून उडी मारून समोरच्या कारखान्यात गेली आणि बघता बघता अख्खी गल्ली गप्प! अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. कुठेतरी शेळी ओरडली, तीसुद्धा माझ्यावरच ओरडल्यासारखी वाटली.

दारात ही गर्दी!

"कुणाला काढताय?"

"कुणालाच नाही हो! तो काल्पनिक प्रश्न आहे!"

"म्हणजे आमची नोकरी काल्पनिक?" धम्मपाल पुढे सरसावला. "पोरीला आत्ताच शाळेत घातलीय साहेब!"

जैतुनबींनी हात वर केला. गर्दी चिडीचूप!

"साहेब विचारतायत, सूट नसती तर? खरं सांगते. दोघं परवडली नसती. एकालाच घेतलं असतं."

मिळालं की उत्तर! आनंदाच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, "कुणाला?"

जैतुनबींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला त्या कांडीवरच गुंडाळतात की काय!

"धम्मपालभाऊंना," तरन्नुम हळूच म्हणाली. "त्यांना लेकरू आहे. मी नसते."

"नाय नाय! हिलाच घेतलं असतं!" धम्मपाल उसळला. "हिचा हात लय चलाख. माझा धागा सारखा तुटतो!"

"भाऊ, तुम्ही गप्प बसा!"

"तू गप्प बस!"

एकमेकांची नोकरी वाचवायला दोघं हमरीतुमरीवर! इतक्या योजना तपासल्या, पण असलं काही पाहिलं नव्हतं. गर्दीतला एक दांडगा गडी चक्क डोळे पुसत होता.

"दोघंही आहेत आणि दोघंही राहतील!" जैतुनबी कडाडल्या. "साहेब, तुम्ही बाहेर! बाकीचे, चालू करा!"

एक माग खडखडला. मग दुसरा. मग गल्लीच्या गल्ली! पायाखालची जमीन थरथरू लागली. मी रस्त्यात आ वासून उभा. तेवढ्यात फोन वाजला.

"काय हर्षल," राखी मॅडम विचारत होत्या, "वाढला का रोजगार?"

"वाढला मॅडम!" मी एका कानावर हात दाबून ओरडलो. "मी बाहेर पडलो तसा लगेच!"